गाडी आवळेवाडी फाट्यावर थांबली नाही

मालवण–कणकवली गाडीत शर्मिला धुरी ड्युटीवर असली, की पुढच्या सीटवर पाय टाकून बसायची कुणाची छाती होत नसे. उंची बेताची, अंग काटक आणि आवाज असा, की मागच्या दारात लोंबकळणारा कॉलेजातला पोरगा मुकाट्याने आत येई. ड्रायव्हर शंकरदादा म्हणायचा, "स्टेअरिंग माझ्या हातात आसा, पण गाडी हाकता ती." कुठली म्हातारी कट्टा गावाला उतरणार, कुणाची काजूबियांची पिशवी टपावर आहे, कुणाच्या मुलीचा कॉलेजात पहिला दिवस आहे, हे सगळं तिला तोंडपाठ. लोकांनाही तिच्याबद्दल सगळं ठाऊक होतं. कुंभारमाठला राहते, नवरा दीपेश मालवणच्या बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, लग्नाला आठ वर्षं झाली. आणि मूल नाही.

हे शेवटचं लोक तिला तिकीट घेता घेता विचारत. "काय गो, काय गोड बातमी?" ती सुटे परत करत म्हणे, "आसा ना. गाडी आज टायमावर आसा, हीच गोड बातमी." बाकी लोक हसत. तीही हसे. घरी मात्र हसून भागत नव्हतं.

तिची सासू रुक्मिणी वाईट बाई नव्हती. वाईट असती तर सोपं झालं असतं, शर्मिलाने तिला चार शब्द सुनावून विषय संपवला असता. पण ही बाई सून पहाटेच्या ड्युटीला निघायच्या आत उठून पेज करायची, डब्यात तळलेला बांगडा घालायची, पावसात तिचा युनिफॉर्म चुलीवरच्या दांडीवर वाळवायची. असल्या बाईने डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "माझ्या एका शब्दाखातर चल गो बाय, एकदाच चल," तर नाही कसं म्हणणार?

जायचं होतं भिकाजी वैद्याकडे. कट्ट्याच्या अलीकडे आवळेवाडी फाटा लागतो, तिथून आत चालत गेलं की त्याचं घर. भिकाजीचा आजा खराच जाणकार होता, असं जुने लोक सांगत. काविळीला, मुरड्याला पाल्याचा रस काढून द्यायचा, आणि जे आपल्याला जमत नाही ते जमत नाही म्हणून सांगायचा. भिकाजीने आजाचं नाव तेवढं घेतलं. अंगणात पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर आजाचा हार घातलेला फोटो आणि बाजूला रंगवलेली पाटी: शंभर टक्के वनौषधी, कसलाही अपाय नाही. मुंबईला कुरिअरने औषध जायचं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासून तर गर्दी दुप्पट झाली होती. त्या फाट्याचं खरं नाव कुणी घेतच नसे. लोक नुसतं म्हणत, "वैद्याकडचा एक दी."

भिकाजीने शर्मिलाची नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, "गर्भाशयात थंडी आसा." दीपेश तिच्या शेजारीच बसला होता. त्याच्याकडे वैद्याने पाहिलंही नाही. मूल होत नाही म्हणजे दोष बाईचा, हे नाडी धरण्याआधीच ठरलेलं होतं.

औषध म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली नारिंगी पूड. सकाळी रिकाम्या पोटी मधातून चाटायची. त्याची एक अट होती. "डॉक्टराक सांगू नको. ते लोक ह्या औषधाचे वैरी. सांगलास की गुण जाता."

रुक्मिणी रोज पहाटे स्वतःच्या हाताने पूड मधात कालवायची आणि शर्मिलाने बोट चाटून पुसेपर्यंत समोर उभी राहायची.

महिन्याभरात शर्मिलाच्या तोंडाला चमत्कारिक चव आली, दहाचं नाणं जिभेखाली धरल्यासारखी. मग पोट धरलं. चार चार दिवस साफ होईना, आणि मध्येच अशी कळ यायची की ती तिकीट देता देता सीटच्या दांड्याला मिठी मारून उभी राहायची. पित्ताच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी झाली, काही सापडलं नाही. भिकाजी खूश झाला. म्हणाला, "जुनो मळ सुटता आसा. औषध लागू पडला."

आणि मग तिची पाळी चुकली.

रुक्मिणीने भराडीदेवीला नवस बोललेला होता, ती अनवाणी मसुऱ्याला जाऊन ओटी भरून आली. दीपेशने बंदरावर पेढे वाटले. शर्मिलाने स्वतःशी कबूल केलं, की आपण त्या वैद्याला उगाच नावं ठेवत होतो. भिकाजीने सांगितलं, "आता बंद करू नको. गर्भ धरून ठेवूक होया." पूड चालू राहिली.

चौथ्या महिन्यात ते गेलं. दुपारची वेळ होती. ती परसात कपडे वाळत घालत होती, आणि कळ आली ती थांबलीच नाही. हॉस्पिटलात म्हणाले, रक्त फार कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या, तुम्ही अजून तरुण आहात. मुलगा होता की मुलगी, हे तिने विचारलं नाही. दीपेशने विचारलं होतं, पण तिला सांगितलं नाही.

रुक्मिणी पंधरा दिवसांनी पुन्हा फाट्यावर जाऊन आली. भिकाजीने मान हलवून निदान केलं होतं, "मात्रा कमी पडली." आता दोन वेळा चाटायची होती, सकाळी आणि संध्याकाळी. शर्मिलाच्या अंगात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. तिने बोट पुढे केलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. कसालहून गाडी सुटायची होती. शर्मिलाने घंटीच्या दोरीकडे हात नेला. हात वर गेला, पण मनगट गेलं नाही. पंजा खाली लोंबत राहिला, मुरगळलेल्या कोंबडीच्या मानेसारखा. तिने डाव्या हाताने उजवा पंजा उचलून सरळ केला आणि सोडला. तो पुन्हा खाली पडला.

"शंकरदादा," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीतल्या लोकांनी तिचा आवाज बारीक झालेला ऐकला. "माझो हात गेलो."

शंकरने वाटेत कुणासाठी गाडी थांबवली नाही. कणकवलीला पोचल्यावर तो स्वतः तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. दीपेश आणि रुक्मिणी मागून धावत आली.

डॉक्टर चाळिशीतली बाई होती, घाई न करणारी. तिने हात पाहिला, पोट पाहिलं, सगळे जुने कागद पाहिले. मग शर्मिलाचा खालचा ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या आणि बराच वेळ तशीच पाहत राहिली. हिरड्यांच्या काठाला शाईने ओढल्यासारखी निळसर रेघ होती.

"बॅटऱ्यांच्या कारखान्यात कधी काम केलंय?"

"नाही. एसटीत आहे मी."

"घरात कुणी जुना रंग खरवडतं? भांड्यांना कल्हई?"

"नाही."

"कुणाकडून काही पूड, भस्म, गावठी औषध घेता?"

शर्मिलाने तोंड उघडायच्या आत रुक्मिणी बोलली. "नाय हो डॉक्टरीणबाई. तसला काय एक नाय."

शर्मिलाने मान वळवून सासूकडे पाहिलं. ही बाई आपल्यावर जीव टाकते, हे तिला ठाऊक होतं. आपला हात मेलेला आहे, पोटातलं गेलेलं आहे, डॉक्टर समोर बसून विचारते आहे, आणि तरी ही वैद्याचा गुण जाईल म्हणून खोटं बोलते आहे. तिच्या आत काहीतरी पेटलं. पुढे कित्येक दिवस ते विझलं नाही.

"आहे," ती डॉक्टरला म्हणाली. "वर्ष झालं. रोज घेते. अजूनही घरात आहे."

रक्त मुंबईच्या लॅबमध्ये गेलं, पूडही गेली. निकाल आला तेव्हा डॉक्टरने तिघांना बसवून सांगितलं. रक्तात शिसं होतं. पाचाच्या वर आकडा गेला तरी आम्ही काळजी करतो, तुमचा शंभराजवळ आहे. पुडीत तर शिसं नुसतं खच्चून भरलं होतं.

रुक्मिणीला कळेना. दीपेशला लगेच कळलं. त्याचं सगळं आयुष्य होड्या आणि जाळ्यांजवळ गेलेलं.

"जाळा बुडूचा म्हणान तेका लावतत, ता शिसा?" त्याने हळूच विचारलं.

"तेच."

"ता माझ्या बायलेच्या पोटात?"

शर्मिलाने एकच प्रश्न विचारला. "माझं मूल त्यामुळेच गेलं का?"

डॉक्टरने टेबलाकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. "शपथेवर सांगता येणार नाही. पण मला तसंच वाटतं. शिसं आईच्या रक्तातून बाळाकडे जातं." मग तिने आणखी एक विचारलं, "तुमच्या मिस्टरांची कधी तपासणी झाली?"

झाली नव्हती. आठ वर्षांत कुणाला सुचलीही नव्हती. नंतर ती झाली, तेव्हा दोष दीपेशकडे निघाला, दिवस जाणं अवघड पण अशक्य नाही असा, आणि तोही साध्या औषधाने सुधारण्यासारखा. शर्मिला त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही. तो दारात बसून रडत होता तरी बोलली नाही. एका सकाळचं काम होतं, आणि त्याच्याऐवजी तिने वर्षभर विष चाटलं होतं.

गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात तिच्यावर उपचार झाले. शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध शिरेतून चढवत, मग काही दिवस विश्रांती, मग पुन्हा. पोटाच्या कळा थांबल्या. हाताला लाकडी पट्टी बांधून व्यायाम सुरू झाले. पण तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, रक्तातलं शिसं निघेल, हाडांत जे जाऊन बसलंय ते वर्षानुवर्षं राहील, आणि दिवस गेले की हाडांतून पुन्हा रक्तात उतरेल. म्हणून निदान दोन वर्षं तरी विचार करू नका, आणि नंतरही तपासल्याशिवाय नको. शर्मिला तेव्हा चौतिशीत होती.

घरी परतल्यावर तिने पहिलं काम केलं ते फाट्यावर जायचं. युनिफॉर्म नव्हता, साधी साडी होती, उजव्या हाताला पट्टी. शेडमध्ये दहाबारा माणसं खुर्च्यांवर बसली होती, कोपऱ्यात नारिंगी पुडीचं पोतं उघडं होतं. ती सरळ भिकाजीसमोर गेली आणि रिपोर्ट त्याच्या पाटावर ठेवला.

"ह्या तुमच्या पुडीत काय आसा ता वाचा."

भिकाजीने कागदाला हात लावला नाही. "माका इंग्लिश येणा नाय."

"मगे मी सांगतंय. शिसा आसा. तुमी ती पूड खंयसून हाडतात?"

"आज्याची विद्या ती. गुपित आसता."

"आज्यान पालो वाटून दिल्यान. ही नारिंगी पूड आज्याची नाय. ह्या पोत्यातली आसा. तुमका तरी म्हायत आसा काय, पोत्यात काय येता ता?"

भिकाजी पाटावरच्या पुड्या सारख्या करू लागला. तिला उत्तर मिळालं. त्याला माहीत नव्हतं. कुठल्यातरी व्यापाऱ्याकडून पोतं येत होतं, हा पुड्या बांधत होता, आणि नाडी धरून डोळे मिटत होता.

"हजारांनी लोकांका गुण इलो," तो शेवटी म्हणाला. "तुझ्याच अंगात खोट आसा, तेका मी काय करू?"

एरवी शर्मिला वडीलधाऱ्या माणसाला 'तुमी' सोडून बोलत नसे. "तुझ्या सुनेक दिवस गेले तेव्हा तिका ही पुडी चाटवलंस?" ती ओरडली, आणि शेडमधली माणसं उठून उभी राहिली. "ती दर म्हयन्याक कणकवलेक डॉक्टरणीकडे जाय होती. तिकीट मी दिलंय तिका! कित्याक जाय होती ती? तुझी पूड घरात आसताना?"

पण शेडमधली माणसं त्याच्या बाजूची होती. एक म्हातारा पुढे आला, "ए बाय, देवमाणूस तो. देवळाच्या सभामंडपाक तेणी पत्रे दिल्यान. असा बोलू नये." दोन बायकांनी तिला दंडाला धरून अंगणाबाहेर काढलं. दुखऱ्या हातालाच धरलं होतं. भिकाजी आतून शांतपणे म्हणत होता, "जाऊ दे तिका. पोर गेल्यामुळे डोक्यावर परिणाम झालो."

तिने पोलिसात तक्रार दिली. औषधाची पावती कुठे, लेबल कुठे, असं विचारलं गेलं. वर्तमानपत्राच्या कागदाला कसलं आलंय लेबल? तरी तिने नेट धरला, कणकवलीच्या डॉक्टरने लेखी दिलं, आणि बऱ्याच दिवसांनी तपासाला दोन अधिकारी आले. तोवर भिकाजीची शेड शेणाने सारवलेली होती आणि सुपात तुळशीची पानं आणि हिरडे वाळत होते. त्यांनी तेवढ्याचेच नमुने नेले. पुढच्या आठवड्यात खुर्च्या पुन्हा भरल्या.

शर्मिला कामावर रुजू झाली. पट्टी सुटली होती, पंजा अर्धा उचलत होता. घंटी ती डाव्या हाताने ओढायला शिकली. आणि रोज, प्रत्येक फेरीला, कुणीतरी हात पुढे करून म्हणे, "वैद्याकडचा एक."

ती सांगून पाहायची. "जाव नको गो. तेच्या औषधात शिसा आसा. माझो हात बघ." कुणी घाबरून कणकवलीपर्यंतचं तिकीट घेई. बरेच जण खिडकीबाहेर पाहत. कुणी म्हणे, "तू तिकीट दी, डॉक्टरकी करू नको." तिकीट द्यावंच लागे. फाटा आला की घंटी द्यावीच लागे. ज्या माणसाने आपलं घर उजाडलं, त्याच्या दारात रोज नवी माणसं उतरवायची, आणि ती आपल्याच हाताने. रात्री तिला झोप लागत नसे. दात इतके करकरत, की दीपेश जागा व्हायचा.

एका सोमवारी मसुऱ्याची एक बाई सुनेला घेऊन चढली. सुनेचं नाव सीता. विशीबाविशीची, ओठ फिके पडलेले, पोटावर हात धरून बसलेली. सासूने तिकीट मागितलं आणि आपणहून बोलू लागली.

"दोन म्हयने झाले तिका दिवस जावन. म्हटला, औषध चालू ठेवूक होया. ह्या वैद्याचा औषध जालीम. एका कंडक्टरणीक आठ वर्सांनी दिवस गेले, तेच्याच औषधान. वैद्यान स्वतः सांगल्यान."

शर्मिलाच्या हातातलं मशीन तसंच राहिलं.

"मगे?" तिने विचारलं. "काय झाला तिका? झील की चेडू?"

"ता काय सांगूक नाय तेणी."

फाटा दिसू लागला. शंकरने सवयीने वेग कमी केला. शर्मिला उठली, डावा हात वर केला आणि दोरी दोनदा ओढली. गाडी सोडायची खूण. शंकरने आरशात तिच्याकडे पाहिलं. ती परत दोनदा ओढते आहे हे पाहून त्याने गिअर टाकला, आणि गाडी आवळेवाडी फाटा मागे टाकून पुढे गेली.

"ए, थांबव! वैद्याकडे उतरूचा आसा!" पाचसहा जण एकदम ओरडले.

"थांबाची नाय," शर्मिला म्हणाली. ती गाडीच्या मधोमध उभी होती, पाय रोवून. "ती कंडक्टरीण मी. ऐकलात? मीच ती. चार म्हयन्यांचा पोर मेला माझा. हो हात मेलो. आणि तो मेलो भिकाजी माझ्या मेलेल्या पोराच्या नावान अजून पुडये ईकता! तुमका उतरूचा आसा तर कट्ट्याक उतरा आणि पाठी चालत जावा. विख खावक चालत जावक होया. माझी घंटी त्या दारात आज वाजाची नाय."

सीता सासूला हळूच म्हणाली, "आई, माझ्यापण तोंडाक नाण्यासारखी चव येता."

हे सगळं कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी ते पाहिलं. भिकाजीच्या बाजूच्यांनी आगारात लेखी तक्रार केली. शर्मिलाला बोलावणं आलं.

साहेब नियमाने बोलणारे होते. "प्रवाशाने तिकीट काढलं, की त्याला त्या थांब्यावर उतरवणं ही आपली जबाबदारी आहे. मान्य?"

"मान्य आहे."

"तुमचं दुःख मी समजू शकतो. पण उद्या प्रत्येक कंडक्टर ठरवायला लागला, कोणी कुठे उतरायचं, तर गाड्या चालतील कशा? पुन्हा असं होणार नाही, असं लिहून द्या."

"शिक्षा द्या साहेब," ती म्हणाली. "लिहून नाही देणार. मला माझा भरवसा नाही."

तिला काही दिवस घरी बसवलं आणि वेतनवाढ रोखली. शंकरलाही ताकीद मिळाली. तो म्हणाला, "माका काय. माका घंटी ऐकाक इली, मी गाडी सोडली."

घरी बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की सासू सकाळची घरात नसते. पेज करून, डबा बांधून कुठे तरी जाते आणि दुपार टळल्यावर येते. त्या हॉस्पिटलच्या दिवसापासून दोघींचं बोलणं कामापुरतंच होतं, म्हणून तिने विचारलं नाही. दीपेशनेच सांगितलं. "आई फाट्यार बसता. थांब्याच्या शेडीत."

शर्मिलाचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी ती साध्या कपड्यांत गाडीत बसून गेली. फाट्यावर तीन बायका उतरल्या. थांब्याच्या बाकावर रुक्मिणी बसली होती, पदराला धूळ लागलेली. बायका उतरताच ती उठून त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"वैद्याकडे चललात? वायच ऐकून जावा. मी माझ्या ह्या हातान सुनेक विख घातलंय. वर्सभर. मदात कालवन. डॉक्टरणीन इचारला तर खोटा बोललंय. माझा नातवंड मी मारलंय. तुमी मारू नको."

एक बाई तिला चुकवून पुढे गेली. दोघी थांबल्या. वाडीतला एक माणूस सायकलवरून जाताना थुंकला आणि म्हणाला, "गे म्हातारे, येड लागला काय तुका?" थांब्याच्या शेडच्या भिंतीवर शेणाचे शिंतोडे होते, ते कुणी कशाला मारले हे कळायला विचारावं लागलं नाही. रुक्मिणीने थुंकणाऱ्याकडे पाहिलंही नाही. ती बायकांचे हात धरून तेच तेच बोलत राहिली, रडत नव्हती, आवाजही चढवत नव्हती.

शर्मिला खिडकीतून सगळं ऐकत होती, पण गाडीतून उतरली नाही.

संध्याकाळी रुक्मिणी परतली तेव्हा शर्मिलाने तिच्यासमोर चहा ठेवला. रुक्मिणी म्हणाली, "माका माफी नको गो. मागणय नाय."

"देतलय पण नाय," शर्मिला म्हणाली. "पुडी दिलात, ती मायेन दिलात. ता मी इसारलंय. पण डॉक्टरणीसमोर खोटा बोललात. त्या दिवशी मी गप ऱ्हवलंय असतंय, तर आज मी नाय असतंय. ता माका इसरूक येणा नाय, आई. मी खोटा कशाक बोलू?"

रुक्मिणीने मान हलवली आणि चहा प्यायली.

सीताचं रक्त तपासलं गेलं, तिच्याही रक्तात शिसं सापडलं, शर्मिलाइतकं नाही. मसुऱ्याच्या त्या सासूनेच पुड्यांची अख्खी पिशवी अधिकाऱ्यांच्या हातात दिली, आणि आपणहून जबाब दिला. मग आणखी चौघे पुढे आले. गुन्हा दाखल झाला. भिकाजीला जामीन मिळाला, तो मुलाकडे मुंबईला निघून गेला, आणि पाटी उतरली. कोर्टात तारखा पडत आहेत. सीताचं मूल कसं होणार, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. दर वेळी म्हणतात, बघूया.

शर्मिलाला वाटलं होतं, पाटी उतरली की राग उतरेल. तो उतरला नाही. आणि काही महिन्यांनी एका प्रवाशाने सहज सांगितलं, की दोडामार्गाकडे एक बाई अगदी तसलीच नारिंगी पूड विकते, आता छापील पाकिटात, वर देवीचं चित्र. पोतं तेच, फक्त हात बदलला होता.

तिने रजा टाकली. सकाळी पिशवीत रिपोर्टांच्या झेरॉक्स घालून ती निघाली, तर रुक्मिणी डबा घेऊन अंगणात तयार उभी. शर्मिला पुढे चालू लागली, रुक्मिणी मागून. गाडीत शर्मिला पुढच्या सीटवर बसली, रुक्मिणी तीन सीट मागे, खिडकीजवळ.

कंडक्टर नवीन पोरगा होता. त्याने मागे मान करून विचारलं, "मावशी तुमच्यासोबत ना? एकत्रच देऊ?"

"नको," शर्मिला म्हणाली. "वेगवेगळी दी. पण जावचा दोघींक एकाच ठिकाणी आसा."